कॅरेज लावलेली सायकल

दिवाळी उलटली की आमच्या वसाहतीतल्या पहाटेला कोरडा गारवा येतो. दिवसभर एमआयडीसीवर तरंगणारा तापल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास त्या गारव्यात खाली बसतो, आणि खिडकी उघडली की सरळ नाकात शिरतो. त्याच सुमाराला माझा डावा गुडघा दुखायला लागतो. कॅलेंडर बघायची गरज नाही, त्याला हंगाम बरोबर कळतो. उजवा दोन-चार दिवस वाट बघतो आणि मग त्यालाही एकट्याला मागं राहणं बरं वाटत नाही.

सायकल बाल्कनीत उभी आहे. तिच्या वाकड्या हँडलवर सुमन, म्हणजे माझी बायको, टॉवेल वाळत घालते आणि मागच्या कॅरेजवर कोथिंबिरीची कुंडी ठेवते. बारीक चाकांच्या, शर्यतीच्या असल्या सायकलीला कॅरेज नसतं. माझ्या सायकलीला ते आहे, स्टँड आहे आणि घंटीही आहे. पाहुणे बघतात, हसतात, आणि विचारतात. मी म्हणतो, मोठी कथा आहे, चहा घ्या.

परवा गावाकडून बाजरीचं पोतं आलं. ते दारात टेकलं, त्याची धूळ फरशीवर सांडली, आणि नव्या धान्याचा तो किंचित उग्र वास घरभर झाला. वास आला की पोटऱ्या भरून येतात. माझ्या डोक्यात बाजरी आणि सायकल एकाच कप्प्यात पडली आहेत, त्याला माझा इलाज नाही.

तो हिवाळा काही वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात टूल रूमला होतो आणि पन्नाशी ओलांडून बराच पुढं आलो होतो. आमच्या खालच्या मजल्यावर साळवे सिस्टर राहायच्या. उभी हयात दवाखान्यात काढलेल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून राजूरच्या डोंगराळ भागात एका गाडीबरोबर फिरणाऱ्या. ती गाडी वाड्या-वस्त्यांवर जाऊन खाटेला खिळलेल्या माणसांना घरीच बघायची. जखमा धुवायच्या, दुखणं कमी करायचं, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवायचं. गाडी जुनी झाली होती, चढावर धापा टाकायची. दुसरी घ्यायची म्हणून सिस्टरांच्या मंडळींनी नगर ते राजूर अशी एका दिवसाची सायकल फेरी काढायचं ठरवलं. दीडशे किलोमीटरच्या घरातलं अंतर. जो सायकल मारेल त्याच्या नावानं ओळखीच्यांनी मदत द्यायची.

सिस्टर आमच्याकडे मदत मागायला आल्या होत्या, माणूस मागायला नव्हे. सुमननंच सांगून टाकलं, "हे येतील की. पोट सुटलंय तसंही."

मी नाही म्हणणार होतो. पण सिस्टर गाडीबद्दल सांगत असताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावच्या घरातली एक खाट आली होती, आणि तोंडातून नाही निघालं नाही.

त्या खाटेवर आई होती, शेवटचे कितीतरी महिने. आमचं गाव पारनेर तालुक्यात, कल्याण रस्त्याला, भाळवणीच्या पुढं. तिथं माझा मोठा भाऊ, दादा, शेती बघतो. मी म्हणत होतो, आईला नगरला दवाखान्यात ठेवू. दादा म्हणत होता, तिला घर सोडायचं नाही. आई दोघांनाही हो म्हणायची. ती घरीच गेली, पण जाताना फार कण्हली. दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतताना आम्ही दोघं एकमेकांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघांचंही खरं होतं, हीच अडचण होती. कुणी तरी एक खोटा असता तर तो माफी मागून मोकळा झाला असता. त्यानंतर आम्ही बोललोच नाही. लग्नाकार्यात पंगतीच्या दोन टोकांना बसायचो आणि वाढप्याकडे बघायचो.

लोकांना वाटतं अबोला म्हणजे काही न करणं. तसं नसतं. तो रोज उठून धरावा लागतो, आणि हात फार अवघडतो. माझ्या अंगात तेव्हा जो शीण होता त्यातला किती कारखान्याच्या पाळीचा, किती वयाचा आणि किती त्या अबोल्याचा, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

सायकल मी कारखान्यातल्याच एका तरुणाकडून जुनी घेतली. त्यानं तब्येतीसाठी हौसेनं घेतलेली, आणि हौस फिटल्यावर जिन्याखाली टाकलेली. सिस्टर म्हणाल्या, घट्ट चड्डी घाला, त्यात गादी असते. मला ती घालून वसाहतीतून जायची लाज वाटली. मग सुमननं कंपनीची जुनी निळी पँट गुडघ्यावर कापून टीप मारून दिली. या चड्डीचा पुढच्या सगळ्या प्रकरणात मोठा हात आहे.

सरावाचे ते दिवस आठवतात ते एकसलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. पहिली पाळी संपवून मनमाड रस्त्याला लागायचं, तर पुढं उसाच्या जोड ट्रॉल्या. त्यांच्या मागून जाताना तोंडावर येणारा पाचटाचा भुसा, आणि ट्रॅक्टरवरची गाणी अंगातून आरपार जायची. सीटवर कुठं बसायचं हे कळायला बरेच दिवस गेले, कारण जिथं बसावं तिथं दुखायचं. रात्री जेवताना घास हातात धरून डोळे मिटायचे. सुमन म्हणायची, "आधी गिळा, मग झोपा." साळवे सिस्टर साठी कधीच ओलांडलेल्या, पांढऱ्या बुटात माझ्या पुढं सरळ पाठीनं जायच्या आणि मागं न बघता म्हणायच्या, "दम लागला म्हणून थांबू नका दत्ताभाऊ. थांबलं की पाय विचार करायला लागतात." माझे पाय चालता चालताही विचार करत होते, पण हे सांगायला श्वास शिल्लक नसायचा.

आमच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी. लांबचा सराव त्या दिवशी, एकट्यानं, आणि मी का कोण जाणे कल्याण रस्ताच धरायचो. गावाच्या अलीकडूनच परत फिरायचो.

अशाच एका गुरुवारी सकाळी नेप्तीच्या पुढच्या चढावर मी सायकलवरून उतरलो होतो आणि तिला ढकलत होतो. जीभ टाळ्याला चिकटलेली, कापलेल्या निळ्या पँटीवर घाम. समोरून आमच्या गावचा बबन गवळी मोटारसायकलला दुधाच्या किटल्या लावून येत होता. त्यानं बघितलं, पुढं गेला, आणि वळून परत आला.

"दत्तूभाऊ? तुमी? अन् सायकलवर?"

मी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

"गाडी कुठं हाय मंग?"

गाडी मुलगी कॉलेजला घेऊन गेली होती. मी मनगट हवेत झटकलं, म्हणजे गेली.

"अन् कंपनी? आज कामावर न्हाई?"

मी पुन्हा तसाच हात झटकला. म्हणजे, आज सुट्टी.

बबन मोटारसायकलवरून खाली उतरला. त्यानं माझ्या पँटीकडे बघितलं. कंपनीची निळी पँट आमच्या भागात कुणालाही ओळखू येते, आणि ती कापून घालायची वेळ आलेला माणूसही ओळखू येतो. त्यानं किटलीचं झाकण उघडलं, झाकणभर दूध ओतलं आणि म्हणाला, "घ्या. प्या." मला तहान लागली होती. मी रस्त्यात उभ्यानं ते घटाघट प्यायलो आणि मिशी पुसली. बबनच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, पण मला तेव्हा ते थंडीचं वाटलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. दारात दादा. खांद्यावर बाजरीचं पोतं, ते दोन मजले चढवून आणलेलं, आणि हातात पिशवीत लसूण. आईच्या दहाव्यानंतर त्यानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यानं पोतं टेकवलं, माझ्याकडे न बघता आत बघितलं आणि म्हणाला, "सुमन, पानी दे गं."

पाणी पिऊन तो खुर्चीत बसला. भिंतीकडं बघत राहिला. भिंतीवर आईचा फोटो होता, त्याच्याकडंही त्यानं बघितलं, मग पॅसेजमधल्या सायकलीकडं. गुरुवारी दुपारी मी घरी, दाढी वाढलेली, उन्हानं काळा पडलेला आणि सरावानं पाच-सहा किलो उतरलेला. त्याला आणखी कसला पुरावा पाहिजे होता.

"लाजायचं न्हाई," तो भिंतीला म्हणाला. "कंपन्या काय, आज हायेत उद्या न्हाईत. घरात बाजरी हाय तवर कुनाची चूल इझत न्हाई."

बबननं गावात जाऊन काय सांगितलं असेल, हे मला समजायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात सुमनलाच समजलं. "अहो भाऊजी, तसं नाही, ह्यांची..." ती सुरू झाली. मी तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला माहीत नाही, पण ती वाक्य तसंच टाकून आत गेली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "सांगत का नाही?"

"सांगितलं तर खजील होईल. उठून जाईल. परत यायचा नाही."

"मग कधी सांगणार?"

"चहा तर होऊ दे."

चहा झाला, आणि मी सांगितलं नाही. मग जेवण झालं. त्यानं आणलेल्या बाजरीच्याच भाकरी, लसणाची चटणी. दोघं भाऊ एका पाटीतल्या भाकरीला हात घालत होतो आणि कुणीच काही बोलत नव्हतं, पण ते न बोलणं आधीच्या न बोलण्यासारखं नव्हतं. जाताना तो जिन्यात थांबला. "घरी बसून डोकं फिरतं मानसाचं. येत जा मळ्यात."

आणि मी जायला लागलो. दर गुरुवारी सायकलनं, अलीकडून न फिरता थेट घरापर्यंत. सिस्टर खूश, कारण अंतर वाढत होतं. मी पोचायचो तेव्हा मांड्या लाकडासारख्या झालेल्या असायच्या, आणि दादाला वाटायचं की एसटीच्या भाड्यापायी बिचारा सायकल मारतोय. तो ज्वारीला पाणी धरत असायचा. मी बांधावर बसायचो. थोड्या वेळानं तो विचारायचा, "कुठं लागलं का?"

"नाही अजून," मी म्हणायचो.

"लागंल."

एवढंच. पण काय वाटायचं म्हणून सांगू. मोठ्या भावानं काळजी करावी असं माझ्या आयुष्यात काही उरलंय हेच मी विसरलो होतो. थकून त्या बांधावर बसल्यावर, पाटाच्या पाण्याचा गार वास येत असताना, मला खरंच बेकार झाल्यासारखं निवांत वाटायचं. एकदा तो म्हणाला, "शुगर फॅक्टरीत वॉचमनची जागा हाय म्हनं. मी बोललोय एकाला. पन तुला लाज वाटंल." माझ्यासाठी तो कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहिला होता. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर मला वारा समोरून होता, आणि तरी मी जोरात सायकल मारली, कारण मला स्वतःपासून लांब जायचं होतं.

परतताना वहिनी काहीबाही द्यायच्या. मेथीच्या जुड्या, शेंगा, एकदा अख्खा भोपळा. मी ते हँडलला टांगायचो. दादा दोन-तीन गुरुवार बघत राहिला. मग एकदा मी जेवून आडवा झालो असताना तो सायकल घेऊन गावातल्या दुकानात गेला आणि परत आला तेव्हा तिला लोखंडी कॅरेज बसवलेलं होतं, दणकट, कडबा बांधता येईल असं. खाली स्टँड. वर घंटी. "एवढी सायकल, अन् साधं कॅरेज न्हाई. कुनी फसिवलं तुला?"

त्या कारागिरानं ते कसं बसवलं देव जाणे. सायकल कमी वजनाची म्हणूनच एवढी महाग असते, आणि आता ती खडखडत होती. नगरला पोचल्यावर सिस्टरांनी ते हलवून बघितलं. मग सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाल्या, "काढून टाका. चढाला मराल."

"नाही काढत."

"मग चेनला तेल घाला आणि देवाचं नाव घ्या."

फेरी जवळ आली तसा मला सरावाचा नाही, दुसराच घोर लागला. रस्ता आमच्या फाट्यावरूनच जाणार होता. टोप्या घातलेले, पिवळे शर्ट घातलेले सगळे तिथून जाणार, मागं गाणी लावलेला टेम्पो जाणार, आणि त्यात मी. आधी सांगावं तर जीभ उचलत नव्हती, न सांगावं तर तो स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. आपलं हसं झालं असं त्याला वाटलं, तर पुढचा अबोला मरेपर्यंतचा. शेवटच्या गुरुवारी मी एवढंच म्हणालो, "रविवारी फाट्यावर ये सकाळी. माझ्याबरोबर थोडी माणसं आहेत." त्यानं मान हलवली.

त्या रविवारी मी रजा टाकली होती. थंडीनं बोटं ब्रेकवर वाकत नव्हती. निघताना तरण्या पोरांनी माझं कॅरेज बघून घंटी वाजवून घेतली. सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, "तुमचा खरा चढ फाट्यावर आहे. तिथवर दम राखा." मी सगळ्यात मागं राहिलो. मुद्दाम नाही, पण पायांनीच ठरवलं असेल.

फाट्यावर दादा उभा होता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. शेजारी वहिनी, पाण्याचा ड्रम आणि ताटात गूळ-शेंगदाणे. "थोडी माणसं" म्हटल्यावर त्यांनी ड्रमभर पाणी आणलं होतं. एकेक पिवळा शर्ट त्यांच्यासमोरून चालला होता, काही थांबून शेंगदाणे घेत होते. शेवटी माझं खडखडणारं कॅरेज पोचलं. मी उतरलो. टोपी काढली. त्यानं मला खालून वर बघितलं, मग पुढं गेलेल्या त्या सगळ्या रांगेकडं बघितलं.

"एवढ्या समद्यांच्या नोकऱ्या गेल्या का रं?"

त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्हीला लागणारा श्वास नव्हता. माझ्यासाठी थांबलेल्या साळवे सिस्टर पुढं आल्या. त्यांनी त्याला सांगितलं, कसली फेरी, कसली गाडी, राजूरकडं काय काम चालतं. माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दादा हात मागं बांधून ऐकत होता.

"म्हंजी घरी येऊन बघत्यात? खाटंवरच्या मानसाला?"

"घरीच. माणसाला हलवायचं नाही."

"अन् दुखायचं कमी हुतं?"

"बरंच होतं. कण्हत ठेवत नाही आम्ही कुणाला."

त्यानं मागं बांधलेले हात सोडले. मग माझ्याकडं वळला. त्या हिवाळ्यात त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं ते तेव्हाच. "आईच्या येळंला नव्हती का ही गाडी?"

"नव्हती दादा."

"असती तर तुझंबी खरं झालं असतं अन् माझंबी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी काही बोलणार होतो, इतक्या दिवसांचं सगळंच, पण त्यानं हात वर केला. वहिनींकडून एक गाठोडं घेतलं, माझ्या कॅरेजवर ठेवलं आणि सुतळीनं आवळून बांधायला लागला. गाठ मारता मारता खाली बघूनच, ओठातल्या ओठात हसत म्हणाला, "नोकरी लागंपत्तर बाजरी धाडीत जाईन मी. न्हाई म्हनायचं न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. आळेफाट्याचं ऊन आठवतं, ब्राह्मणवाड्याकडचे चढ आठवतात, आणि एका ठिकाणी मी सायकल ढकलत असताना सिस्टरही उतरून माझ्याबरोबर चालल्या ते आठवतं. सूर्य डोंगराआड गेल्यावर राजूरला पोचलो, तोवर बाकीच्यांचे शर्ट वाळले होते. जुनी गाडी तिथं उभी होती, चाकांना चिखलाचे थर. तिच्या पायरीवर मी बसलो. ज्यांनी सकाळी कॅरेज बघून घंटी वाजवली होती त्यांनीच गाठोडं सोडलं. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, कांदे. बघता बघता संपलं. माझ्या वाट्याला अर्धी भाकरी आली आणि ती मी डोळे मिटून, जागेवर बसून, फार सावकाश खाल्ली. इतका थकलो मी आयुष्यात कधी नव्हतो. पण अंगातला एक जुना शीण मात्र त्यात कुठंच सापडत नव्हता.

दुसरी गाडी पुढं आली, सिस्टर आता तिच्याबरोबर फिरत नाहीत, त्यांच्याही गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे. मी कारखान्यातून निवृत्त झालो. दादाला आता दोन मजले चढवत नाहीत, म्हणून पोतं बबनच्या पिकअपमधून येतं. पण हंगाम चुकत नाही. आणि पोतं पोचलं की संध्याकाळी फोन येतो. मी आधी तब्येतीचं विचारतो, तो आधी पावसाचं सांगतो. मग येतो तो ठरलेला प्रश्न, आणि आम्ही दोघंही त्याचीच वाट बघत असतो.

परवाही तसंच झालं. मी बाल्कनीत होतो, एक हात कॅरेजवर ठेवून.

"लागली का नोकरी?" दादानं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो.